कचऱ्यात ठेवलेले मेल

आईशपथ सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे आणि अजून स्वतःच्या दातांनी ऊस सोलते, त्यावरून मी तिच्या शपथा किती जपून घेतो ते समजा. बरं, शंभर नको, पंच्याण्णव धरा. पाच टक्के मी घातलेत, ते कुठले ते शेवटी सांगेन. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आजवर तीन पाहिली, त्यातल्या एकावरही बसला नाही. आणि त्या दिवशी कंपनीत मी एकटा होतो. म्हणजे सुप्रिया होती. तिला धरून एकटा.

मी बाळू. मोशीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. मोठ्या कंपन्यांकडे त्यांची गळ्यात पट्टा अडकवलेली माणसं असतात. चाकण-म्हाळुंग्याकडच्या छोट्या कंपन्यांकडे मी असतो. कुणाचा प्रिंटर कागद खातो, कुणाच्या मशीनला व्हायरस लागतो, कुणाला जुने मेल नव्या कॉम्प्युटरवर न्यायचे असतात. हे शेवटचं काम मला फार आवडतं. नुसतं बसायचं, पट्टी पुढे सरकताना बघायची आणि चहा प्यायचा.

गेल्या वर्षी एप्रिलमधल्या एका बुधवारी अण्णासाहेबांचा फोन आला. म्हाळुंग्याच्या आतल्या अंगाला त्यांची प्रेस शॉप आहे. पत्र्याची मोठी शेड, तीत सहा प्रेस मशीनं आणि कोपऱ्यात दोन लेथ. गाड्यांचे पत्र्याचे बारके भाग ठोकून बनवायचे आणि मोठ्या कंपनीला धाडायचे, असा धंदा.

“बाळू, नवा कॉम्प्युटर घेतलाय, वर ऑफिसात लावलाय. खालच्या जुन्यावरचे मेल नव्यावर घेऊन टाक. मेलचा प्रोग्रामपण नवा टाक, तो जुना मरतुकडा नको.”

“कधी येऊ, साहेब?”

“उद्या ये. गुरुवार आहे, सुट्टी. कुणाची कटकट नाही. आणि ऐक, ती डिलीटेडमधली घाण वर आणू नकोस. साफ करून टाक. मग ते डबडं भंगारात जाऊ दे.”

आमच्या या पट्ट्यात रविवार नाही, गुरुवार सुट्टीचा. बाकीचे सहा दिवस ज्या रस्त्यावर ट्रकांतून ॲक्टिव्हा काढताना देव आठवतो, त्या रस्त्यावर गुरुवारी कुत्री आडवी झोपलेली असतात. दुपारी दीडच्या सुमारास पोचलो. वॉचमननं शेडचं लहान दार उघडून दिलं आणि तो लिंबाखाली परत गेला. आत काही येईना. मी म्हटलं, “चल की, पंखा लावून बसू.” तर म्हणाला, “नको भाऊ, मी हिथंच बरा हाय.”

आत पाऊल टाकलं आणि वास आला.

लेथच्या टाकीत कूलंट असतं, म्हणजे मशीन थंड ठेवणारं तेलपाणी. मशीन चालू आहे तोवर ते फिरत राहतं. थांबलं की त्यावर साय धरते आणि ते नासतं. नासलेलं दूध, ओलं पोतं आणि फुटकं अंडं एका बादलीत कालवा, झाकण लावून उन्हात ठेवा आणि मग झाकण काढून तोंड आत घाला. तो वास. मला सवय आहे, मी त्यात वडापाव खाल्लेला आहे. पण त्या दिवशी त्या आंबट वासाच्या खाली अजून एक वास होता. गोडसर. जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. मी दोनदा थुंकलो आणि आत गेलो.

जुना कॉम्प्युटर तीन नंबरच्या प्रेसला लागून असलेल्या पत्र्याच्या केबिनमध्ये होता. ही केबिन कोंडीराम मामांची. मामा म्हणजे मेंटेनन्सचे. पंचावन्न-छप्पनचं वय, चाकणजवळच्याच गावचे, डोक्याला कायम टॉवेल बांधलेला. मी आलो की लेथवाल्याला सांगून माझ्यासाठी चहा मागवायचे आणि तो अर्धा स्वतः प्यायचे. मार्चमध्ये त्यांचा अपघात झाला आणि ते गेले, एवढं मला उडत उडत कळलं होतं. तेव्हापासून केबिन बंद होती आणि कॉम्प्युटरही. मेन स्विचवर कुणीतरी कागद चिकटवला होता: ‘चालू करू नये’.

चालू करण्याआधी मी कॉम्प्युटरचा डबा उघडून साफ करतो. उघडला आणि पुढची दोन मिनिटं केबिनच्या बाहेर उभा राहिलो.

त्याचं असं आहे, खंडेनवमीला या कंपन्यांत मशीनची पूजा होते. प्रेसला हार, लेथला हार, तर मग कॉम्प्युटर काय सवतीचा? मामा दरवर्षी त्यालाही हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे आणि पाणी भक्तिभावानं वरच्या जाळीतून आत शिंपडायचे. चौदा वर्षांचं नारळाचं पाणी, हळद, कुंकू आणि प्रेसचं उडालेलं तेल मिळून आत काळपट चिकी झाली होती. तीत झुरळं रुतलेली, काही जिवंत. पंख्याच्या पात्यांना एक पाल चिकटून वाळलेली, आणि तिच्या पोटाखाली दोन अंडी, ती मात्र पांढरीशुभ्र. मी ब्रशनं ढकलली तर एक फुटलं आणि पिवळं काहीतरी मनगटावर आलं. राव, मी हात तीनदा धुतला. तिथला साबणसुद्धा तेलकट होता.

तरी डबडं चालू झालं. मेलचा प्रोग्राम उघडला. सगळ्या कंपनीचा एकच मेल आयडी. मालक तेवढे स्वतःच्या फोनवरून लिहायचे, बाकी सुपरवायझरपासून डिस्पॅचच्या माणसापर्यंत सगळे याच खुर्चीत बसून त्यावरूनच लिहायचे. आणि जुन्या प्रोग्रामची खोड अशी की, आलेला मेल तो खाली ओढून घेतो आणि वरचा पुसून टाकतो. म्हणजे चौदा वर्षांचे मेल फक्त या चिकट डब्यात होते, दुसरीकडे कुठेही नाहीत.

डिलीटेडमध्ये एकशे बारा मेल होते. मी ते रिकामं केलं, वर फाईल आवळून घेतली, म्हणजे मागे मागमूससुद्धा उरत नाही. मग बाकीचे फोल्डर पेनड्राइव्हवर टाकायला लावले आणि रुमाल नाकाला लावून बसलो.

तेवढ्यात दाराशी सावली पडली.

“बाळूकाका, तुम्हीच ना?”

सुप्रिया. इथली क्वालिटीची इंजिनियर. लातूरकडची मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, मोशीत दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहायची. सुट्टीच्या दिवशी ती कशाला आली हे मी विचारायच्या आतच तिनं केबिनचं दार लोटून घेतलं.

“काका, एक मेल पाहिजे. फेब्रुवारीचा. मामांनी अण्णासाहेबांना पाठवलेला. माझ्यासमोर टाइप केला होता, मी इथं मागं उभी होते.”

“कसला मेल?”

तिनं काचेतून तीन नंबरच्या प्रेसकडे बोट केलं. “त्याच्यावर सेन्सर असतो. हात आत असला की प्रेस खाली येत नाही. तो बंद पडला होता. मामांनी लिहिलं, सेन्सर येईपर्यंत तीन नंबर चालवू नका. अण्णासाहेबांचं उत्तर आलं. माल जाऊ द्या, मग बघू. असं उत्तर. मी वाचलंय काका, या डोळ्यांनी वाचलंय.”

“मग?”

“मग सहा मार्चला पत्रा अडकला, मामा तो काढायला गेले.” तिनं प्रेसकडे पाठ केली. “उद्या अकराला फॅक्टरी इन्स्पेक्टर येणारेत. अण्णासाहेबांनी लिहून दिलंय की सेन्सर बिघडल्याचं त्यांना कुणी कळवलंच नाही. आणि कळवायचं काम कुणाचं होतं, तर माझं. केस माझ्यावर होणार, काका. माणूस मेल्याची केस. घरी अजून सांगितलेलं नाही. सांगू काय?”

मी इनबॉक्स बघितला. नाही. पाठवलेले बघितले. नाही. फेब्रुवारी महिनाच्या महिना चाळला.

“तिथं नसणार,” ती म्हणाली. “मामा महत्त्वाचं सगळं डिलीटेडमध्ये ठेवायचे.”

“कुठे?”

“डिलीटेडमध्ये. इथं सगळे बसतात ना, कुणीपण कुणाचा मेल पुसतं. मामा म्हणायचे, कचऱ्यात कोन हात घालतंय पोरी, तिथंच समदं सुखरूप ऱ्हातं.”

वीस वर्षांत मी अशी माणसं पाहिलीत, राव. किती कारखान्यांत किती लोक कचऱ्याच्या डब्याचं कपाट करतात याचा हिशोब नाही. पाहूनसुद्धा मी विसरलो होतो.

“सुप्रिया... ते मी आत्ता रिकामं केलं.”

ती माझ्याकडे बघत राहिली.

“अण्णासाहेबांनीच सांगितलं तसं,” मी म्हटलं. “फोनवर. साफ कर म्हणाले.”

“म्हणजे त्यांना माहीत होतं,” ती हळूच म्हणाली. आणि मामांच्या खुर्चीच्या हातावर बसली.

मी जे काही येतं ते सगळं करून पाहिलं. पुसलेलं परत आणायचे माझ्याकडे तीन प्रोग्राम आहेत. तिन्ही म्हणाले, काही नाही. शेवटी पेनड्राइव्ह काढला. तो ओला होता. तेल नव्हे. बोटांना लागलं ते दाटसर होतं, उलट्या हातानं पँटला पुसलं तर तार निघाली.

“चल वर,” मी म्हटलं. “मालकाचं काम तरी संपवू.” दुसरं काय बोलणार?

वरचं ऑफिस स्वच्छ. फरशी पुसलेली, एसी, उदबत्तीचा वास. नवा कॉम्प्युटर टेबलावर, पडद्यावरची पातळ प्लॅस्टिकची पिशवी अजून काढलेली नव्हती. मी नवा मेल प्रोग्राम टाकला आणि जुने फोल्डर आत ओढायला लावले. इनबॉक्स आलं. पाठवलेले आले. मग त्यानं स्वतःहून डिलीटेड उघडलं आणि मोजायला लागला. एक. दोन. तीन.

“काका, तुम्ही तर म्हणालात रिकामं...”

“थांब.”

एकशे बारावर थांबला.

मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. आनंदानं, खोटं कशाला बोलू. आणि त्याच क्षणी वास आला. खालचा नव्हे, तो आंबट वास नव्हे. त्याच्या खालचा, गोडसर. कॉम्प्युटरच्या मागच्या जाळीतून गरम वाऱ्याबरोबर येत होता, तोंडावर. सुप्रियानं ओढणी नाकाला लावली आणि ओढणीतून म्हणाली, “हा... हा दवाखान्यातला आहे.”

“कसला?”

“मामा अकरा दिवस होते. हाताची जखम नासत वर गेली, खांद्यापर्यंत. मी रोज जायची. तानामामी, त्यांची बायको, उशाशी उदबत्ती लावून बसायच्या, पण...”

यादीत सगळ्यात वर मार्चचे मेल होते, एकाखाली एक, विषयाची जागा कोरी. त्यांच्या खाली फेब्रुवारी. मी फेब्रुवारीच्या पहिल्या मेलवर बाण नेला आणि दाबलं. उघडला तो सगळ्यात वरचा. परत दाबलं. परत तोच.

मेलमध्ये अक्षर नव्हतं. एक फोटो होता. खालची केबिन, ते टेबल, तो हळदकुंकवाचा डबा. माऊसवर एक उजवा हात ठेवलेला. पंजा काळा, फुगून नखं आत गेलेली, करंगळीचं कातडं मोज्यासारखं सुटून खाली लोंबलेलं. माऊसखाली पाणी सुटलेलं. मनगटापाशी हात संपला होता. पुढे टेबल होतं.

तारीख होती सतरा मार्च. वेळ सकाळी आठ, म्हणजे पहिल्या शिफ्टची.

मी टेबलाखालची केराची टोपली ओढली आणि ओकलो. लाज नाही सांगायला. दुपारी मटकीची उसळ होती.

“सतराला मामा गेले,” सुप्रिया म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा झाला होता. “सकाळी आठला.”

“तो हात...”

“त्यांचाच. हा चट्टा बघा, वेल्डिंगचा.” मग एकदम भडभडून आल्यासारखी बोलायला लागली. “काका, प्रेस आली तेव्हा हात तुटून खालच्या भंगाराच्या ट्रॉलीत पडला. पत्र्याच्या कापांत. आम्ही सगळे मामांनाच धरत होतो, गाडी काढा, टॉवेल बांधा. हाताचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, हात कुठाय? बर्फातून आणला असता तर बघता आलं असतं. मी परत पळत आले. तोवर भंगारवाला ट्रॉली घेऊन गेला होता. मामा शुद्धीत आले की तेवढंच विचारायचे. पोरी, हात घावला का? मी म्हणायची, हो मामा, ठेवलाय.”

बाहेर कुठेतरी पत्रा उन्हानं ताडकन वाजला. दोघंही दचकलो.

“म्हणजे मामा तिकडे खाटेवर...” मी म्हटलं, आणि माझ्या जिभेला हाड नाही, तोंडून निघून गेलं, “...आणि हात इकडे ड्युटीवर.”

ती हसली नाही. मीही नाही.

“पुढचा उघडा,” ती म्हणाली.

“सुप्रिया, नको. खालचे उघडतच नाहीत. हे सगळे ओळीनंच...”

“मग ओळीनं उघडा.”

मी माऊस धरला. नवा कोरा माऊस, सकाळी खोक्यातून निघालेला. तो कोमट होता आणि तळव्याला चिकटत होता. सोळा मार्च. पंधरा. चौदा. दर मेलमध्ये तोच फोटो, दिवसानं मागे मागे जाणारा. एकात बोटांच्या बेचक्यांत काहीतरी पांढरं वळवळत होतं. फोटो होता, फोटोत काय हलणार, पण हललं. एकात हिरवट फेस. एकात झुरळं, शिस्तीत बसल्यासारखी, मनगटाच्या कडेनं. दर मेल उघडला की वास एक पायरी वर चढायचा. मी तोंडानं श्वास घेत होतो आणि तो वास जिभेवर येऊन बसत होता, चव लागत होती त्याला, उकडलेल्या रताळ्याची. तेव्हापासून मी रताळं खात नाही.

“हे फोटो... काढले कुणी?” मी विचारलं. “कॉम्प्युटर तर बंद होता. स्विचला कागद...”

“काका, पुढचा.”

“तुला भीती नाही वाटत?”

“किळस येतेय,” ती म्हणाली. “खूप येतेय. पण हा हात मी ट्रॉलीत टाकून गेले होते.”

मी पुढचा उघडला.

दहा, नऊ, आठ. हात सुधारत गेला. काळ्याचा जांभळा झाला, जांभळ्याचा पिवळा, नखं वर आली. सात मार्चचा जवळजवळ माणसाचा वाटत होता, फक्त कडेला प्रेसनं सपाट केलेलं मांस, टेबलाला पापडासारखं चिकटलेलं. अकरा झाले. मी बाराव्यावर बाण नेला. दाबलं. उघडेना. परत दाबलं. उघडेना.

सुप्रियानं ओढणी नाकावरून काढली. पडद्याच्या जवळ गेली, इतकी की तिच्या श्वासानं प्लॅस्टिकवर वाफ धरली. आणि दवाखान्यात आजाऱ्याच्या कानाशी बोलावं तशी बोलली.

“मामा... हात सापडला. खरंच सापडला. आता तो मेल द्या ना. उद्या अकराला येणारेत.”

माझ्या तळव्याखाली माऊस हलला. मी हलवला नव्हता. आईशपथ, मी तर बोटं उचलून धरली होती. माझ्या तळव्याला खालून काहीतरी टेकलं, मऊ, गरम, आणि बटण दाबलं गेलं. एकदा. मग सावकाश, दुसऱ्यांदा.

बारावा मेल उघडला.

फेब्रुवारी, एकोणीस तारीख. ‘साहेब, तीन नंबर प्रेसचा सेन्सर बंद आहे. नवीन येईपर्यंत प्रेस चालवू नये. हात जाईल कोणाचा तरी. कोंडीराम.’ आणि त्याखाली अण्णासाहेबांचं उत्तर, खाली त्यांच्या नावासकट, त्याच दिवशी दुपारचं: ‘माल जाऊ द्या, मग बघू.’

प्रिंटरनं कागद ओढला. बाहेर आला तो उजव्या कोपऱ्यात ओला होता, पिवळट, पाच बोटांच्या टोकांएवढे पाच डाग. सुप्रियानं तो दोन्ही हातांनी घेतला, जसा प्रसाद घेतात, आणि तिच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातला. निघताना खाली केबिनपाशी थांबली, त्या चिकट डबड्याला हात लावून नमस्कार केला. मी बाहेरूनच केला. मला अजून काही हातावर घ्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला इन्स्पेक्टर आले. मलाही बोलावलं होतं. त्यांनी कागद वाचला, बोटं नाकाला लावून हुंगली, आणि रुमालानं पुसली. अण्णासाहेब खुर्चीत बसल्या जागी पांढरे पडले. “हे... हे अजून होतं?” एवढंच म्हणाले. सुप्रियावर केस झाली नाही. तिनं महिन्याभरात ती कंपनी सोडली, आता भोसरीला एका चांगल्या ठिकाणी आहे, रस्त्यात दिसली की गाडी थांबवून बोलते. “काका, तुमच्यामुळे वाचले,” म्हणते. गेल्या गुरुवारी भेटली तेव्हाही म्हणाली.

मेल आधी पुसले गेले होते हे सुप्रियानं सांगितलं, तेव्हा इन्स्पेक्टरनी मला एक गोष्ट लेखी मागितली होती. हे मेल पुसायला कुणी सांगितलं? मी लिहून दिलं, मालकांनी, बुधवारी, फोनवर. खाली सही केली. अण्णासाहेब ओरडले, “बाळू, अरे मी कधी असं...” आणि गप्प झाले, कारण त्यांचं तेव्हा कोण ऐकतंय?

आता ते पाच टक्के. शपथ घेतलीय तर सांगायला पाहिजे.

फोटोंत मी काही घातलेलं नाही. वासात नाही, माऊसच्या कोमटपणात नाही. घातलं ते सुरुवातीलाच घातलं. डिलीटेडमधली घाण साफ कर, असं अण्णासाहेब फोनवर म्हणालेच नव्हते. ते म्हणाले होते, “सगळं घे, एकही मेल सोडू नकोस.” आपण काय लिहून बसलोय हेच त्यांना आठवत नसावं. कचरा मी रिकामा केला, वीस वर्षांच्या सवयीनं, न बघता. आणि सुप्रियाच्या नजरेला नजर देववेना म्हणून त्यांचं नाव पुढे केलं. त्यांचा गुन्हा त्या पाच शब्दांत होता, तेवढाच. पुरावा पुसल्याचा दुसरा गुन्हा त्यांच्यावर माझ्या सहीनं चढला. त्याच्या कोर्टाच्या तारखा अजून चालू आहेत.

सही मी उजव्या हातानं केली होती. तो हात ठीक आहे. रोज सकाळी उजेडात धरून बघतो. जखम नाही, सूज नाही, नखं जागच्या जागी. हुंगूनही बघतो, मला तरी काही येत नाही. फक्त गेल्या गुरुवारपासून विजयश्री, म्हणजे आमची मंडळी, माझं ताट वाढते आणि स्वतःचं ताट उचलून बाहेर पायरीवर जाऊन बसते. परवा मी विचारलं, काय गं, काय झालं? तिनं पदर नाकाला लावला आणि माझ्या हाताकडे न बघता म्हणाली, “काही नाही. तुम्ही जेवा.”